कॅसानोव्हा : ख्याती आणि कागदपत्रे

स्त्रियांना मोहात पाडणाऱ्या पुरुषाला युरोपातील अनेक भाषांत ‘कॅसानोव्हा’ म्हणतात. विशेषनामाचे असे सामान्यनाम झाले, की त्यामागचा मूळ माणूस बहुधा झाकला जातो. जाकोमो कॅसानोव्हाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची ख्याती ज्या ग्रंथावर उभी आहे, तो ग्रंथ त्याने स्वतःच लिहिला. म्हणून त्याच्या चरित्राच्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की या साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा?

कॅसानोव्हाचा जन्म 2 एप्रिल 1725 रोजी व्हेनिसमध्ये झाला. त्याचे आईवडील रंगभूमीवरील नट होते. त्या काळी नटांच्या वाट्याला टाळ्या येत, प्रतिष्ठा येत नसे. आजीने वाढवलेल्या या मुलाला नवव्या वर्षी शिक्षणासाठी पादुआला पाठवण्यात आले. तेथे तो कायदा शिकला. पुढे काही काळ तो धर्मसेवेत होता, नंतर सैन्यात गेला आणि शेवटी एका नाट्यगृहात व्हायोलिन वाजवू लागला. 1746 मध्ये मात्तेओ ब्रागादिन नावाच्या वृद्ध सिनेटरला पक्षाघाताचा झटका आला असता कॅसानोव्हाने त्याची शुश्रूषा केली. सिनेटरचा गूढविद्येवर विश्वास आहे हे लक्षात येताच, आपल्यालाही अंकांद्वारे भविष्य जाणण्याची विद्या अवगत आहे असे त्याने भासवले. ब्रागादिनने त्याला पुत्रवत आश्रय दिला. दुसऱ्याच्या श्रद्धेवर जगण्याची जी कला त्याने पुढे आयुष्यभर वापरली, तिची सुरुवात येथे दिसते.

जुलै 1755 मध्ये व्हेनिसच्या न्यायाधिकाऱ्यांनी त्याला अटक केली. मुख्य आरोप धर्मनिंदेचा होता. शिक्षा पाच वर्षांची झाली. परंतु ती किती वर्षांची आहे हे त्याला कळवण्यात आले नाही. दोजेच्या राजवाड्याच्या शिशाच्या पत्र्यांच्या छपराखालील कोठड्यांत उन्हाळ्यात भाजून निघावे लागे. एका लोखंडी कांबीला त्याने दगडावर घासून टोक काढले, ती शेजारच्या कोठडीतील बाल्बी नावाच्या धर्मगुरूकडे पोचवली आणि 31 ऑक्टोबर 1756 च्या रात्री दोघे छपरावरून निसटले. ही कथा कादंबरीसारखी वाटते. तथापि त्याची अटक, शिक्षा आणि कोठडीच्या दुरुस्तीचा खर्च यांच्या नोंदी व्हेनिसच्या दप्तरात आढळल्या. साक्षीदार अनेक ठिकाणी खरे बोलतो, हे अशा पुराव्यांवरून दिसून आले.

1757 च्या प्रारंभी तो पॅरिसला पोचला. सैनिकी विद्यालयासाठी निधी उभारण्याकरिता तेथे 1758 मध्ये सरकारी सोडत सुरू झाली. तिच्या उभारणीत काल्झाबिजी बंधूंबरोबर त्याचाही हात होता. 90 अंकांतून 5 अंक काढले जात. एका अंकावर पैसे लावणाऱ्याला जिंकण्याची संधी अठरांत एक असे. मात्र मिळे ते लावलेल्या रकमेच्या पंधरापट. या फरकात सरकारचा नफा होता. याच काळात मादाम द्युर्फे या धनाढ्य विधवेला पुरुषदेहात पुनर्जन्म मिळवून देण्याच्या आशेवर ठेवून त्याने तिच्याकडून वर्षानुवर्षे पैसे उकळले. ही फसवणूक त्याने स्वतःच तपशीलवार लिहून ठेवली आहे.

स्त्रियांविषयीचे लेखन मात्र अधिक सावधपणे वाचावे लागते. आत्मचरित्रात शंभराहून अधिक स्त्रियांशी संबंध आल्याचे वर्णन आहे. त्यांतील काही अगदी कोवळ्या वयाच्या मुली होत्या. काहींच्या बाबतीत सौदा त्यांच्या आईशी झाला होता. काही प्रसंगी तर बळजबरीच झालेली दिसते. लेखक ज्याला प्रणय म्हणतो, त्याला आज वेगळे नाव द्यावे लागते. त्या साऱ्या स्त्रिया बोलतात त्याही त्याच्याच लेखणीतून.

सुदैवाने काही जणींची पत्रे उरली आहेत. नटकुटुंबातील मानोन बालेत्ती हिचे त्याच्याशी लग्न ठरले होते. वाट पाहून थकलेल्या मानोनने 1760 मध्ये त्याची पत्रे परत केली आणि वास्तुविशारद ब्लोंदेल याच्याशी विवाह केला. फ्रान्चेस्का बुस्कीनी ही व्हेनिसमधील गरीब शिवणकाम करणारी स्त्री. कॅसानोव्हा 1783 मध्ये पुन्हा देशोधडीला लागल्यावर ती त्याला पत्रे लिहीत राहिली. त्यांत घरभाडे, उधारी आणि त्याने पाठवलेल्या थोड्याशा पैशांचे आभार आहेत. प्रवासाला निघून जाणाऱ्याच्या कथेत मागे राहिलेल्यांना फारशी जागा नसते. ती जागा ही पत्रे भरून काढतात.

1785 मध्ये बोहेमियातील डुक्स येथे काउंट वाल्डश्टाइनने त्याला ग्रंथपाल नेमले. वाड्यातील नोकरचाकर त्याची टवाळी करीत. या एकाकीपणात त्याने फ्रेंच भाषेत आत्मचरित्र लिहिले. ते 1774 पर्यंत येऊन थांबते. 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक लयाला गेले आणि 4 जून 1798 रोजी कॅसानोव्हा डुक्स येथेच मरण पावला.

हस्तलिखित 1821 मध्ये लाइपझिगच्या ब्रोकहाउस या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले. एकोणिसाव्या शतकात ज्या आवृत्त्या निघाल्या त्या काटछाट केलेल्या किंवा संपादकाने बदललेल्या होत्या. मूळ संहिता 1960 ते 1962 या काळात प्रथमच छापली गेली आणि 2010 मध्ये ते हस्तलिखित फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मिळवले. लोकांच्या तोंडी असलेला कॅसानोव्हा बराचसा त्या बदललेल्या आवृत्त्यांतून आलेला आहे.

मूळ ग्रंथात खानावळी, घोडागाड्या, जुगाराचे अड्डे, दरबार आणि तुरुंग यांनी भरलेले अठरावे शतक जिवंत झाले आहे. त्यासाठी तो वाचलाच पाहिजे. वाचताना शेजारी मानोन आणि फ्रान्चेस्का यांची पत्रे असावीत. एका पक्षाची साक्ष कितीही रसाळ असली, तरी दुसरा पक्ष ऐकल्यावाचून निवाडा होत नाही.