गो-कार्टची बांधणी : काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

मोटारगाडीचे सर्वांत साधे रूप म्हणजे गो-कार्ट. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. तिला स्प्रिंगा नसतात, डिफरेन्शियलही नसतो. म्हणूनच थोड्या पैशांत यंत्रशास्त्र शिकण्यास ती उत्तम. आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून अशी एक गाडी बांधली. तिने जे शिकवले ते येथे मांडतो.

प्रथम सांगाडा. नळीच का, भरीव सळई का नको? ३२ मि.मी. बाह्य व्यासाची, २ मि.मी. जाडीची एम.एस. नळी दर मीटरला सुमारे दीड किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई साडेपंधरा मि.मी. व्यासाची होईल, पण वाकण्यास नळी तिच्या सातपटीहून अधिक विरोध करते. धातू मध्यापासून जितका दूर, तितका तो अधिक उपयोगी. भंगारात पाण्याच्या जुन्या जी.आय. नळ्या स्वस्त मिळतात, परंतु त्या घेऊ नयेत. वेल्डिंग करताना त्यांवरील जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेल्यास ताप भरतो.

चौकट काटकोनात आणण्यास महागडे साधन लागत नाही. बाजू ६०० व ८०० मि.मी. ठेवा; दोन्ही कर्ण बरोबर १००० भरले पाहिजेत. आधी सर्व सांध्यांना नुसते टाके मारा, कर्ण पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग करा. एकच बाजू सलग वेल्ड केली तर उष्णतेने चौकट ओढली जाते.

आता स्टिअरिंग. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. अॅकरमन यांच्या नावाने १८१८ साली पेटंट झालेली रचना हेच साधते. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १०५० मि.मी. आणि दोन किंगपिनांतील अंतर ७०० मि.मी. धरू. आतले चाक ३० अंश वळले, तर बाहेरचे सुमारे २२.६ अंश वळावे. यासाठी किंगपिनपासून मागे येणारे दोन्ही बाहू असे तिरके ठेवा, की त्यांच्या रेषा वाढवल्यास मागच्या आसाच्या मध्यावर मिळतील. हा तिरकेपणा १८.४ अंशांचा येतो. बाहू १०० मि.मी. लांब असल्यास टाय रॉडच्या दोन छिद्रांतील अंतर ६३७ मि.मी. होते. जमिनीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढले, की गणित आपोआप पटते.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी जोडलेला छोटा बाहू खाली लोंबता ठेवावा. तो वर ठेवला, तर चक्र उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते! किंगपिनचा माथाही दहा-बारा अंश मागे कललेला हवा. त्यामुळे वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले जाते. मागची दोन्ही चाके एकाच आसावर पक्की असल्याने हे न घडल्यास गाडी वळणात अडून बसते.

आता आमची चूक सांगतो. टाय रॉडच्या बोल्टला आम्ही साधा नट लावला होता. तिसऱ्या फेरीला धक्क्यांनी तो सैल होऊन निघाला, चक्र हातात नुसते फिरू लागले आणि गाडी कुंपणाच्या भिंतीवर आदळली. चालवणाऱ्या मित्राचे मनगट मोडले. त्याला सहा आठवडे प्लॅस्टर होते, आणि त्याच काळात त्याची परीक्षा आली. लेखनिक घेऊन तो पेपरला बसला. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. पण त्याच्या घरी जाताना आमची पावले जड होत. वाचवले होते केवळ चार नटांचे पैसे.

तेव्हा मित्रहो, आसन जुन्या खुर्चीचे चालेल, रंग शिळा चालेल, चाके वापरलेली चालतील. परंतु स्टिअरिंगच्या प्रत्येक सांध्याला नायलॉक नट किंवा कॉटर पिन हवीच. किंगपिनला दोन्ही टोकांना आधार देणारा सी-आकाराचा ब्रॅकेट हवा, आणि तेथील वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावे. ब्रेक तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये व शिरस्त्राणाशिवाय गाडीत बसू नये.

आमची गाडी पुन्हा उभी राहिली. तिचे चक्र पहिल्यांदा हाती घेतले, ते त्याच मित्राने. मात्र त्याआधी प्रत्येक नट त्याने स्वतः पान्याने तपासला.