दुर्बल हृदयास व्यायामाची साथ

‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कानी पडताच घरातील माणसे हबकून जातात. वास्तविक हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती उणावली, एवढाच तो अर्थ. थोड्या श्रमाने धाप लागते, पावलांवर सूज येते. अशा रुग्णाला खाटेवरून उठू न देणे हीच त्याची सेवा, अशी समजूत आपल्याकडे आजही आढळते. एके काळी वैद्यकशास्त्राचाही सल्ला विश्रांतीचाच होता.

तो का बदलला, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अशा मोजक्या रुग्णांना चार ते सहा महिने नियमित व्यायाम देण्यात आला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची श्रमशक्ती सुमारे २३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मात्र हृदयाची आकुंचनशक्ती होती तेवढीच राहिली! सुधारणा झाली ती मुख्यतः पायांत. तेथील रक्तप्रवाह वाढला आणि स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक प्रमाणात घेऊ लागले. म्हणजेच रुग्णाच्या थकव्याला दुबळ्या हृदयाइतकेच निकामी पडून राहिलेले स्नायूही कारण असतात, आणि खाटेवरची सक्तीची विश्रांती त्यांना अधिकच झिजविते.

पुढे २,३३१ रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला. मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात झालेली घट मात्र माफक होती. तेव्हा व्यायाम हे औषधांना पर्याय नव्हेत, हे बजावून सांगितले पाहिजे.

प्रकृती स्थिर असताना, डॉक्टरांच्या तपासणीनंतरच सुरुवात करावी. सपाट जागी पाच-दहा मिनिटे संथ चालणे प्रारंभी पुरे. पुढे आठवड्यागणिक वेळ वाढवावी. चालताना बोलता यावे, हीच गतीची मर्यादा. एकदम थांबू नये, चाल हळूहळू मंद करावी. छातीत दुखणे, भोवळ, बसल्याजागी धाप ही लक्षणे दिसल्यास किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोहून अधिक वाढल्यास व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना गाठावे.

रुग्ण सहा मिनिटांत किती अंतर चालतो, यावरून डॉक्टर त्याच्या प्रगतीचा अंदाज घेतात. त्यासाठी साधारणतः तीस मीटर सरळ, सपाट वाट लागते. शाळेचा लांब व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीसमोरची समतल जागा रोजच्या चालण्यास चांगली. वाटेत टेकायला एखादा बाक आणि उन्हाळ्यात सावली असली, म्हणजे झाले.