वाड्याची वायरिंग बदलताना : काकाचे कानमंत्र

पोरी, आजोबांच्या वाईच्या वाड्यात राहायला जायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, फार बरं वाटलं. पण रंगाचा आणि फरशीचा विचार करण्याआधी वायरिंगचा कर. जन्मभर मी हेच काम केलं, त्याचं सार सांगतो : बटणं, दिवे, पंखे केव्हाही बदलता येतात, भिंतीआड गेलेली तार आणि जमिनीत पुरलेलं अर्थिंग पुन्हा पुन्हा उकरता येत नाही. म्हणून पैसा आधी न दिसणाऱ्या जागी घाल. शोभेचं नंतर बघता येईल.

जुनं काय आहे ते आधी ओळख

वाड्याच्या पुढच्या खोल्यांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर आहे. तिच्यावरचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं आणि तडकतं. हात लावला नाही तोवर ती चालते. नवा पंखा टांगायला म्हणून वायर वाकवली की रबराचे तुकडे गळतात आणि तांबं उघडं पडतं. मागच्या खोल्यांत ॲल्युमिनियमची वायर असणार. साठ-सत्तरच्या दशकांत तांबं परदेशातून यायचं, महाग पडायचं, म्हणून ती सर्रास वापरत. ॲल्युमिनियम मऊ असतं. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, पकड सैल होते, जॉइंट तापतो. त्याला तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडली असेल, तर ओलाव्यानं तो जॉइंट आणखी लवकर कुजतो. अशा ठिकाणी बटणाचा बोर्ड कोमट लागतो, पिवळा पडतो किंवा जळका वास येतो. यातलं एकही लक्षण दिसलं, तर त्या बोर्डाची लाइन लगेच बंद करून ठेव.

मेन बोर्डही बघून घे. चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज असतील : एक फेजवर, एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा उडाला की दिवे विझतात, लाईट गेली असं वाटतं. पण तारेत फेज तसाच उभा असतो. लाईट गेली या समजुतीनं होल्डरला हात घातलेल्या माणसाला जबर शॉक बसतो. तसंच काही जुन्या पॉइंटांना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर दिलेलं असतं. तिथं बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. नव्या कामात प्रत्येक बटण फेजवरच हवं आणि एकट्या न्यूट्रलवर फ्यूज कुठंही नको.

अर्धी वायरिंग बदलू नकोस

‘स्वयंपाकघर नवं करू, बाकीचं पुढच्या वर्षी’ असं कोणी सुचवेल. खर्चाची ओढ मला कळते. पण नव्या तारेचं टोक जुन्या तारेला जोडलं, की सगळा भार त्या जुन्या जॉइंटवर येतो. टप्प्यानं करायचंच असेल, तर मेनपासून वेगळी लाइन टाकून एक खोली पूर्ण कर आणि तिची जुनी लाइन मेनजवळच तोडून टाक. नव्याजुन्याचा जॉइंट घरात नको.

आधी कागद, मग तार

वायरमनला बोलावण्याआधी प्रत्येक खोलीचं चित्र काढ. फ्रिज कुठं, मिक्सर कुठं, गीझर कुठं, पाण्याची मोटर कुठं, पुढंमागं एसी लागणार का, सगळं मांड. आकडेमोड सोपी आहे : उपकरणाच्या वॉटला 230 नं भागलं की अँपिअर मिळतात. 2000 वॉटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, 3000 वॉटचा 13. मग वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ बघ. आजोबांच्या काळचा तो आकडा तुमच्या संसाराला पुरायचा नाही. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आधीच कर. मीटर आणि त्याच्या अलीकडची सीलबंद जोडणी त्यांची असते, तिला आपल्या माणसानं हात लावायचा नाही.

दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॉट, यापुढं जाऊ नये असा आमच्या कामातला जुना दंडक आहे. पॉवरच्या सर्किटवर दोनच सॉकेट. गीझर, एसी आणि मोटर, प्रत्येकाची लाइन थेट डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या मुख्य पेटीपासून, स्वतंत्र. गीझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर.

तारेपेक्षा राखणदार कमजोर हवा

हा माझा सगळ्यात महत्त्वाचा कानमंत्र. फ्यूज असो की एमसीबी, तार तापण्याआधी त्यानं तुटलं पाहिजे. म्हणून तांब्याच्या 1.5 चौरस मिलिमीटर तारेला 10 अँपिअरचा एमसीबी, 2.5 च्या तारेला 16 चा, 4 च्या तारेला 20 चा. पूर्वी फ्यूज वारंवार उडायला लागला की लोक त्यात वायरचा जाड धागा पिळून घालत. आता तेच लोक 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवतात. दोन्हींचा परिणाम एकच : राखणदार शाबूत राहतो आणि तार जळते. वाड्यात तर ती तार सागवानी तुळयांवरून आणि कडीपाटाच्या धुळीतून गेलेली आहे. एमसीबी पडला की कारण शोध, मोठा एमसीबी शोधू नकोस.

वायर घेताना तिच्या अंगावर आयएसआयची खूण आणि आयएस 694 छापलेलं आहे का, ते स्वतः वाच. फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. ‘हिरवी वायर संपली, काळीच टाकतो’ याला साफ नकार दे. वीस वर्षांनी तो बोर्ड उघडणारा माणूस रंगावरच विश्वास ठेवणार आहे.

अर्थिंगला पळवाट नाही

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या जिवाला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसव. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत आला का, हे तो सतत ताडत असतो. फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. मात्र कोणी एका हातानं फेज आणि दुसऱ्यानं न्यूट्रल धरला, तर तोही फसतो. म्हणून आरसीसीबी आहे या भरवशावर चालू लाइनवर काम करायचं नाही.

अर्थिंगसाठी अंगणात भिंतीपासून निदान दीड मीटर दूर खड्डा घे, नळी किंवा पत्रा उभा पुर, भोवती कोळसा आणि मीठ भर, वर झाकणाचं चेंबर कर. आपल्याकडं खाली काळा पाषाण लवकर लागतो, त्यामुळं ओल टिकेल अशी जागा निवड आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. खड्ड्यापासून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत, गीझरपर्यंत, लोखंडी बोर्डापर्यंत न्यायची. काही जण कष्ट वाचवायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. असं कधीही होऊ देऊ नकोस. मागं न्यूट्रल तुटला, तर फ्रिजपासून गीझरपर्यंत सगळ्यांच्या अंगावर फेज येतो. शिवाय अशा जोडणीवर आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतो; मग कोणीतरी तोच बायपास करून टाकतं.

मातीच्या भिंतींना जप

पांढऱ्या मातीच्या भिंतीत आडवी, खोल खाच पाडली की भिंत कमकुवत होते. तिथं वरून केसिंग पट्टी किंवा पाइपच बरा. माळ्यावरून जाणारी प्रत्येक तार पाइपातूनच ने. तिथं उंदरांचा वावर असतो. जॉइंट फक्त जंक्शन बॉक्समध्ये, बॉक्स हाताला येईल अशा जागी. काम दिवाळीनंतर काढ, भिंती वाळलेल्या असतात.

मेगर झाल्याशिवाय हिशेब पुरा करू नकोस

काम परवानाधारक ठेकेदारालाच दे आणि शेवटच्या तपासणीचं आधी बोलतानाच ठरवून घे. शेवटी उपकरणं आणि दिवे काढून, 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं, मिनिटभर तपासणी होऊ दे : दोन तारांमध्ये आणि तार-अर्थमध्ये निदान 1 मेगओहम आला पाहिजे. अर्थिंगचं रीडिंग वेगळं घ्यायला सांग. दोन्ही आकडे कागदावर, सहीनिशी घे. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढ, पुढं खिळा ठोकताना उपयोगी पडतील. डीबीच्या दाराआत कोणता एमसीबी कशाचा हे लिहून चिकटव.

आणि मग एक सवय लाव. दर महिन्याला वीजबिल भरायच्या दिवशी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाब. तो खटकन पडला पाहिजे. पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलव. घरातल्या प्रत्येकाला, लेकरांनाही, मेन कुठं आहे आणि तो कसा बंद करायचा हे दाखवून ठेव.