पावसाळ्यात बसलेली बॅटरी

कॅम्पिंगसाठी घेतलेली बॅटरी रानात सहसा मरत नाही. ती घरी मरते, माळ्यावर नाहीतर जिन्याखाली, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. म्हणून ती घेताना सगळे जे विचारतात, ‘किती तास चालेल?’, त्याच्या आधी ‘किती महिने पडून राहील?’ हे विचारावं, असं माझं मत झालं आहे.

आम्हा मित्रांचा एक सामायिक सोलर संच होता. १०० वॅटचं घडीचं पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची (एएच) सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी. भंडारदऱ्याच्या काठावर उन्हाळाभर तिने दिवे, पंखा, फोन सगळं विनातक्रार चालवलं. पाऊस सुरू व्हायच्या बेतात ती पूर्ण चार्ज करून, पुसूनपासून, सामानाच्या पेटीत एका मित्राच्या घरी ठेवली होती. कोजागरीला पेटी उघडली आणि मसाला दूध आटायच्या आत दिवे मंदावले. दुसऱ्या दिवशी पॅनेलला कडक ऊन मिळालं, कंट्रोलर ‘फुल’ दाखवू लागला, तरी रात्री तासाभरात पुन्हा अंधार.

बॅटरीवाल्याने पेटीत डोकावून एकच विचारलं, “कंट्रोलर जोडलेलाच ठेवला होता का?” होता. पॅनेल नसलं तरी कंट्रोलर बॅटरीवरच जगतो. त्याचा डिस्प्ले, आतलं सर्किट, यूएसबीची खाच, सगळं मिळून तो २० मिलिअँपिअर ओढत होता. एवढासा करंट दिवसाला अर्ध्या एएचलाही पोचत नाही. पण पावसाळ्याच्या १२० दिवसांत त्याचे ५७ एएच होतात. त्यात बॅटरी आपोआप उतरते ती वेगळीच, आणि उष्ण, दमट खोलीत ती आणखी लवकर उतरते. म्हणजे गणपतीच्या सुमारास आमची बॅटरी अर्ध्याखाली गेली आणि नंतरचे कित्येक आठवडे तशीच पडून राहिली.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीला नेमकं हेच सोसत नाही. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे गेले तर त्याचे टणक खडे बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. मग चार्जिंग चटकन ‘पूर्ण’ होतं, कारण भरायला जागाच उरलेली नसते.

किती मोठी घ्यायची

आधी कागदावर हिशेब मांडावा. समजा चार जणांचा मुक्काम आहे. दिवे १० वॅट, पाच तास: ५० वॅट-तास. फोन: ६०. एक २० वॅटचा डीसी पंखा रात्रभर: १६०. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज थांबत थांबत चालतो, तरी सरासरी १५ वॅट धरले तर दिवसाचे ३६०. एकूण ६३० वॅट-तास.

१२ व्होल्ट १०० एएचच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, असं दुकानात सांगतील. लेड-अ‍ॅसिड दीर्घकाळ टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ६००. आपला फ्रिज तिथेच अडतो. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी १२.८ व्होल्टची असते आणि तिच्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे हजाराच्या वर. आपल्याकडे चांगल्या ऋतूत पूर्ण उन्हाचे साधारण पाच तास धरले आणि गळती वजा केली, तर रोजचे ६३० वॅट-तास भरून काढायला २०० वॅटचं पॅनेल लागेल. फ्रिज घरी ठेवला तर गरज निम्म्याहून खाली येते. आइसबॉक्समधला बर्फ बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

एएचचा आकडा वाचताना त्याच्या शेजारचं ‘सी१०’ किंवा ‘सी२०’ही वाचा. सी२० म्हणजे ती क्षमता २० तासांत सावकाश वापरली तर मिळणारी, सी१० म्हणजे १० तासांत. सी२० वर १५० एएच लिहिलेली बॅटरी सी१० वर तेवढी भरत नाही. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी१० असतं, घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर सी२०. दोन भावांची तुलना करताना हे जुळवून घ्या.

कोणती घ्यायची

गाडीची जुनी बॅटरी आणू नका. तिच्या प्लेटा पातळ असतात. काही सेकंद जोरात करंट देऊन इंजिन सुरू करणं हे तिचं काम. रात्रभर दिवे लावून तिला खोलवर उतरवलं की ती काही महिन्यांत बसते.

घरी इन्व्हर्टर असेल आणि स्वतःच्या गाडीने जाणार असाल, तर पाण्याची ट्युब्युलर बॅटरी आजही वाईट नाही. पावसाळ्यात ती घरच्या इन्व्हर्टरला जोडून टाकावी. महावितरणची वीज ये-जा करत राहते, बॅटरी चार्ज होत राहते, पडून राहायचा प्रश्नच मिटतो. मात्र १५० एएचची ट्युब्युलर ५० किलोच्या पुढे जाते, उचलायला दोघं लागतात, आणि वाटेत कलंडली तर अ‍ॅसिड सांडतं.

सीलबंद एजीएम किंवा एसएमएफ बॅटरीत पाणी टाकावं लागत नाही. यावरून ‘हिच्याकडे बघायलाच नको’ असा समज होतो आणि तोच तिला मारतो. दर दोन महिन्यांनी चार्जिंग करणारा माणूस घरात असेल तरच ती घ्या.

पडून राहण्याच्या दृष्टीने एलएफपी सगळ्यांत सोशिक. अर्धवट चार्जमध्ये तिला सल्फेट धरत नाही आणि १०० एएचचं वजन १२ किलोच्या आसपास असतं. महाग आहे, आणि बाजारात नाव लिथियमचं पण आत कमी सेल असा मालही मिळतो. वजन छापील आकड्यापेक्षा बरंच कमी भरलं तर घेऊ नका. स्पिती-लडाखला न्यायची असेल तर बॅटरीतल्या नियंत्रक सर्किटमध्ये, म्हणजे बीएमएसमध्ये, थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे विचारा. सकाळी ऊन लख्ख असतं, पण सेल शून्याखाली असताना चार्ज केले तर आत लिथियम धातू साठून ते कायमचे बिघडतात. विमानाने मात्र ती नेता येणार नाही. १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, आणि ही १२८० ची आहे.

कोणतीही लेड-अ‍ॅसिड घेताना उत्पादनाची तारीख पाहा आणि मल्टीमीटर खिशात ठेवा. दुकानातच १२.६ पेक्षा कमी व्होल्टेज दिसलं तर ती तिथेच पडून उतरली आहे.

कशी ठेवायची

पहिला नियम पडून राहणाऱ्या सगळ्या बॅटऱ्यांना लागू: तारा सोडवा. कंट्रोलर, इन्व्हर्टर, व्होल्टमीटर, सगळं. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी. बॅटरीविना पॅनेल जोडलं तर काही कंट्रोलर जळतात. पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज कायमचा बसवा. पान्हा दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो लाल होईल इतका करंट या बॅटऱ्या देतात, म्हणून ठेवताना टर्मिनलांवर टोप्या हव्यातच. कोकणात राहणाऱ्यांनी त्याआधी टर्मिनलांना पेट्रोलियम जेलीही लावावी.

लेड-अ‍ॅसिड पूर्ण चार्ज करूनच ठेवायची. पाण्याची असेल तर चार्जिंगनंतर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. नळाचं नको, बाटलीबंद पिण्याचंही नको. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, कारण त्या वेळी हायड्रोजन सुटतो. मग महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावा. १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ दिसताच चार्जिंग, १२.२ म्हणजे अर्धी उतरली. वटपौर्णिमा, आषाढी, नारळी पौर्णिमा, गणपती, घटस्थापना अशा तारखा ठरवून घेतल्या की कॅलेंडरच आठवण करून देतं.

एलएफपीचं उलट. ती पूर्ण भरून ठेवू नये, अर्ध्याच्या आसपास ठेवावी, थंड जागी, पत्र्याच्या शेडखाली नव्हे. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघणं पुरतं. कधी टर्मिनलवर शून्य दिसेल. ते बीएमएसने दार लावल्याचं लक्षण असू शकतं. लिथियमच्या चार्जरने ती जागी होते, पण तशीच महिनोन्महिने राहिली तर सेल खरोखर संपतात. साध्या इन्व्हर्टरला ती जोडू नका. त्याच्या चार्जिंगचं गणित लेड-अ‍ॅसिडसाठी बांधलेलं असतं.

‘फरशीवर ठेवू नका, उतरते’ हे अजूनही ऐकू येतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्यातली बॅटरी फरशीमुळे उतरत नाही. वरच्या झाकणावरची ओल आणि अ‍ॅसिडमिश्रित धूळ मात्र दोन टर्मिनलांमध्ये वाट करून देते. तेव्हा फळी शोधत बसण्यापेक्षा कोरडं फडकं मारावं.

आमची ती बॅटरी शेवटी विक्रेत्याकडे मोडीत गेली. तेच बरोबर आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि लेड-अ‍ॅसिडचे नव्या खरेदीत पैसेही वळते होतात. वर्षातून एखाद-दुसराच मुक्काम होत असेल, तर नवी घेऊच नका. चांगले रिचार्जेबल कंदील आणि दोन पॉवर बँक न्या. ते घरातही वापरात राहतात.