बिनमाइकचा आवाज

जुहूच्या जानकी कुटीरमधल्या पृथ्वी थिएटरचा संध्याकाळचा प्रयोग नुकताच सुटला आहे. भाची पुढच्या महिन्यात शिकायला व्हिएन्नाला निघाली आहे. मावशीची नोकरीतली बरीच वर्षं त्याच शहरात गेली. थिएटरच्या अंगणातल्या कॅफेत चहा घेता घेता झालेलं हे बोलणं.

भाची : मावशी, जो तो सांगतोय, व्हिएन्नाला चाललीस तर ऑपेरा बघच. पण मला ना जर्मन येतं, ना इटालियन. त्या संगीतातलंही काही कळत नाही. मग जाऊन करू काय?

मावशी : आत्ता नाटक पाहिलंस, त्यात नटांना माइक होते का?

भाची : नव्हते. पण इथे जेमतेम दोनशे माणसं मावतात. माइक लागतोच कशाला?

मावशी : व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात बसलेले आणि उभे मिळून दोन हजारांच्या आसपास लोक असतात. रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक वाजवत असतात, त्यात तुताऱ्या आणि नगारेही आले. आणि या सगळ्याच्या पलीकडे उभी राहून एक बाई गाते, ती माइकशिवाय. तिचा सूर अगदी वरच्या सज्जात शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. तू जायचंस ते हे ऐकायला. गोष्ट, पोशाख, झुंबरं हे सगळं नंतर.

भाची : म्हणजे खूप जोरात गातात?

मावशी : नुसत्या जोराने काम भागत नाही. वाद्यवृंदाच्या आवाजात सगळ्यात जास्त बळ असतं ते सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास. त्याच्या वर ते उतरत जातं. ऑपेराचे गायक वर्षानुवर्षं मेहनत करून गळ्याची आणि घशाची ठेवण अशी बसवतात, की आवाजाचं तेज ३००० कंपनांच्या जवळपास एकवटतं. तिथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान सर्वात तीक्ष्ण. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात याची मोजमापं मांडली. पुरुषगायकांत हे जास्त स्पष्ट दिसतं. उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांचा मूळ सूरच इतका वरचा असतो, की त्या तोंडाची उघडझाप बदलून वेगळ्या रीतीने तेच साधतात.

भाची : आपल्याकडे असं कोणी गायचं का?

मावशी : गायचं म्हणजे काय, संगीत नाटकाचा सगळा जुना काळ बिनमाइकचाच! केशवराव भोसले, बालगंधर्व यांनी भरलेली नाट्यगृहं तशीच गाजवली. साथीला ऑर्गन, सारंगी, तबला. त्या पिढीत नटाची पारख करताना पहिल्यांदा आवाजाची फेक बघत. माइक आला आणि फेकीची गरज संपली. त्याने हळुवार गायकी लोकांपर्यंत पोचली, हा मोठाच लाभ. पण आवाज थेट गळ्यातून निघून कानावर येतो तेव्हा त्याला दिशा असते, अंतर असतं. गायक पाठमोरा झाला तर सूरही वळतो. स्पीकरमधून ते येत नाही. तुमच्या पिढीने हे ऐकलेलंच नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

भाची : मुंबईत कुठे ऐकायला मिळेल?

मावशी : एक तर इथेच, नाटकात. आणि या जागेची नाळही एका ऑपेरा हाउसशी जोडलेली आहे बरं का. पृथ्वीराज कपूरांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स काढलं, ती फिरती कंपनी. मुंबईत तिचे प्रयोग चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये होत. त्या वास्तूचं उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्जने केलं, तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. पुढे तिथे सिनेमे लागले, १९९३ मध्ये ती बंद पडली. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईतच जन्मलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायली. जुहूचं हे थिएटर मात्र १९७८चं, शशी कपूर आणि जेनिफरने उभं केलेलं.

भाची : आणि पूर्ण वाद्यवृंद?

मावशी : त्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीए. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथे २००६ मध्ये सुरू झाला, खुश्रू सनतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांच्या पुढाकाराने. जमशेद भाभा थिएटरमध्ये वादकांसाठी खड्डा आहे, ऑपेराही होतात. जुहूहून तिथे जायचं म्हणजे पार्ल्याला जाऊन लोकल, मग चर्चगेटहून पुढे. संध्याकाळ त्यातच जाते. तरी निघण्याआधी एकदा जाऊन ये. सगळी वाद्यं एकत्र सूर लावतात तो क्षण तरी ऐक. ओबो नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य एक स्वर धरतं आणि बाकीचे त्याला मिळतात. आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याप्रमाणे षड्ज निवडतो, तिथे शंभर जणांना एकच ठरलेला स्वर. व्हिएन्नाचे वादक तर तो इतरांपेक्षा किंचित चढा लावतात.

भाची : पण व्हिएन्नाची तिकिटं मला परवडायची नाहीत. दोनशे युरोंच्या वर किमती पाहिल्या मी.

मावशी : त्या पुढच्या खुर्च्यांच्या. तू उभ्याचं तिकीट काढ, दहा-वीस युरोंच्या घरात मिळेल. स्टेट ऑपेरात अशा शेकडो जागा आहेत आणि त्यांतल्या काही थेट तळमजल्यावर, मध्यभागी, महागड्या खुर्च्यांच्या लगेच मागे. आत गेलीस की कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, जागा तुझी. मग खुशाल बाहेर जाऊन ये, कोणी हात लावत नाही. तिथे दर आठवड्याला येणारे म्हातारे रसिक भेटतील. कुठली गायिका कुठल्या वर्षी काय गायली ते त्यांना तोंडपाठ. माझं निम्मं शिक्षण त्या कठड्यापाशी झालं.

भाची : आणि शब्द कळले नाहीत तर?

मावशी : प्रत्येक जागेपुढे लहानसा पडदा असतो, त्यावर इंग्रजी भाषांतर सरकत जातं, उभ्या जागांनाही. ही सोय फार जुनी नाही. रंगमंचावर भाषांतर दाखवण्याची सुरुवात १९८३ मध्ये टोरांटोला झाली, त्याआधी लोक गोष्ट घरून वाचून यायचे. तूही वाचूनच जा. गोष्ट माहीत असली की डोळे पडद्यावर अडकत नाहीत. शिवाय एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये कित्येक प्रयोग इमारतीबाहेरच्या मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. तिथे माइक आला खरा, पण ओळख व्हायला बरं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद. मोझार्टसारखा विग घालून रस्त्यात तिकिटं विकणारी मुलं दिसतील, त्यांच्याकडून घेऊ नकोस. ते पर्यटकांसाठीचे वेगळे कार्यक्रम असतात.

भाची : टाळ्या कधी वाजवायच्या? मला त्याचीच धास्ती आहे. आपल्याकडे कसं, जागा आवडली की "क्या बात है" निघून जातं.

मावशी : सिंफनीचे साधारण चार भाग असतात, मध्ये थोडी शांतता. त्या शांततेत वाजवायच्या नाहीत, शेवटी वाजवायच्या. ऑपेरात एखादं मोठं गाणं संपलं की वाजवतात, "ब्राव्हो"ही ओरडतात. हा सिंफनीतला शिरस्ता तसा अलीकडचा आहे. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टच्या सिंफनीचा पहिला भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याने वडिलांना पत्रात ते आनंदाने कळवलं. तू तेव्हा असतीस तर तुझी दाद चालून गेली असती. व्हिएन्नाच्या ऑपेरात शिस्त आणली ती गुस्ताव माहलरने. १८९७ ते १९०७ तो तिथे संचालक होता. पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांना त्याने हटवलं, उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर ठेवलं.

भाची : पृथ्वीसारखं! इथेही नाटक सुरू झालं की दार उघडत नाहीत.

मावशी : तेच. म्हणून तुला तिथे परकं वाटायचं कारण नाही. कोट आणि छत्री मात्र बाहेर ठेवावी लागते, त्यासाठी दहा मिनिटं आधी जा. कपडे नीटनेटके असले की झालं. उभ्या जागेला सूटबूट कोणी विचारत नाही.

भाची : नुसती सिंफनी ऐकायची असेल तर?

मावशी : म्युझिकफेराइन. १८७० मध्ये उघडलेलं सभागृह, सरळसोट चौकोनी, लांबट. लाकडी जमिनीखाली पोकळी, छतही वरून टांगलेलं, त्यामुळे सगळी खोलीच सुरांबरोबर दणाणते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं घर ते. या वाद्यवृंदातले सगळे आधी स्टेट ऑपेराच्या खड्ड्यात वाजवतात. तिथे तीन वर्षं काढल्यावरच सभासद होता येतं. म्हणजे गळ्याची साथ करत करत ही माणसं तयार होतात, आणि मला ते त्यांच्या वाजवण्यात ऐकू येतं. आपला झुबिन मेहता १९५४ मध्ये मुंबईहून तिथे शिकायला गेला, अठरा वर्षांचा. वडील मेहली मेहता इथे बॉम्बे सिंफनी चालवायचे, त्यामुळे कान तयार होता. तरी त्या सभागृहात कंडक्टर कार्ल ब्योमच्या हाताखाली ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली आणि आपल्या डोक्यात वाद्यवृंदाचा आवाज तिथे ठरला, असं तो सांगत आला आहे. पुढे मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून बघता याव्यात म्हणून तो तिथल्या गायकवृंदात शिरला. तो हुशार होता, पण त्याने जागाही हुशारीने पकडली.

भाची : मग मी पहिला ऑपेरा कुठला बघू?

मावशी : मोझार्टचा "मॅजिक फ्लूट". त्याचा पहिला प्रयोग १७९१ मध्ये व्हिएन्नातच झाला, दरबारापासून दूर, उपनगरातल्या लोकांच्या थिएटरात. मी तो सुचवते त्याचं कारण निराळं आहे. बहुतेक ऑपेरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाऊनच बोलतात. याच्यात पात्रं गद्य बोलतात, मग गाणं येतं, पुन्हा गद्य. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात "शाकुंतल" केलं, त्याची बांधणी हीच. त्यांचंच "सौभद्र" पाहिलेल्या माणसाला त्यात वाट सापडते. त्यानंतर "ला बोएम" बघ, ते अडीच-तीन तासांत आटोपतं आणि सगळं गाऊन बोलायची सवय होते. वागनरच्या ऑपेरांना हिवाळ्यात हात घाल, चार-पाच तास उभं राहायची पायांना सवय झाल्यावर.