आधी पाय खाली घे

मिरज

चि. मनू,

फोटो मिळाला. गच्चीवर एक हात जमिनीला, दुसऱ्या हाताने वर उचललेल्या पायाचा अंगठा धरलेला, मागे नारळाची झाडं. फोटो छान आहे. आसन छान नाही. खालचा खांदा कानाला चिकटलाय, कंबर ओघळलीय आणि तोंडाकडे पाहिलं की कळतं, श्वास कोंडून धरलाय. मनगट दुखतं असं तू त्याखालीच लिहिलंस. न दुखतं तर नवल.

तू दोन गोष्टी विचारल्यास. दिवसभर बसून धरलेली कंबर या वसिष्ठासनाने सुटेल का, आणि तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा वाकडा कणा याने सरळ होईल का. पहिल्याचं उत्तर बरंचसं हो असं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, ते पुढे सांगते. पण काहीही करायच्या आधी तो पाय खाली घे. महिना-दोन महिने तरी वर न्यायचा नाही.

आपल्या घरात व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले, त्या वाऱ्याची झुळूक अजून आपल्याकडे आहे. तुझे आजोबा तर सूर्यनमस्काराशिवाय चहा घेत नसत. मला त्यात काही उणं काढायचं नाही. पण एकदा नीट बघ: त्यातली प्रत्येक हालचाल पुढे नाहीतर मागे. चालणं, जिना चढणं, खुर्चीत बसणं, सगळं त्याच रेघेत. कुशीच्या बाजूने शरीराला भार पेलायची वेळच येत नाही. पूर्वी कमरेवर घागर घेऊन विहिरीवरून येताना ती यायची, कडेवर मूल घेताना यायची. तुझ्या खुर्चीला तर दोन्ही बाजूंना हात आहेत, म्हणजे कुशीला सुट्टीच.

तुझ्याच आनेकल तालुक्यातली हुस्कूरची मद्दूरम्माची जत्रा तू पाहिलीस का? शंभर फुटांच्या वर जाणारे रथ गावागावांतून ओढत आणतात. पुढे बैल, ट्रॅक्टर, माणसं असतात ती ओढायला. पण रथ उभा राहतो तो बाजूंना दोर ताणून धरणाऱ्यांमुळे. २०२४ साली त्यातला एक रथ भर रस्त्यात कलंडला, तेव्हा बाजूच्या तोलाची किंमत सगळ्यांना दिसली. कमरेचे पाच मणके तसेच उंच रचलेले आहेत. त्यांना आजूबाजूने धरणारे दोर म्हणजे पोटाचे तिरके स्नायू आणि शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्याच्या हाडापर्यंत उतरणारा चौकोनी स्नायू. वसिष्ठासनात खालच्या कुशीचे हे दोर ताणले जातात. शिवाय कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कामाला लागतो. चालताना आपण क्षणभर एका पायावर असतो, तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला पडू न देणारा तो हाच. खांद्याभोवतीच्या आणि खवाट्याखालच्या स्नायूंचा व्यायाम वरकड मिळतो.

कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी जन्मभर पाठीचाच अभ्यास केला. कंबरदुखीच्या माणसाला त्यांनी जे तीन व्यायाम नेमून दिले, त्यातला एक हाच, फक्त कोपरावर टेकून केलेला. कारण साधं आहे: उताणं झोपून उठाबशा काढताना मणक्यांवर जेवढा दाब येतो, त्यापेक्षा यात कमी येतो आणि स्नायूंना काम मात्र भरपूर मिळतं. १९९९ साली त्यांच्या गटाने निरोगी तरुण मुलामुलींना या स्थितीत किती वेळ राहता येतं ते मोजलं. मुली साधारण सव्वा मिनिट टिकल्या, मुलगे दीड मिनिटाच्या थोडे पुढे गेले. तू ते आकडे गाठायला जाऊ नकोस. त्या मोजणीतली कामाची गोष्ट वेगळीच आहे. उजवी आणि डावी बाजू जवळजवळ सारखी टिकायला हवी. एका कुशीवर तू चाळीस सेकंद राहतेस आणि दुसरीवर वीसच, तर तुझं दुखणं कुठे शोधायचं त्याचा धागा तिथे आहे. फोटोत दोन्ही बाजू कधीच दिसत नाहीत, हा फोटोचा आणखी एक दोष.

आता कसं करायचं ते. चटईवर उजव्या कुशीवर झोप. गुडघे वाकवून पावलं मागे. कोपर बरोबर खांद्याखाली, हाताचा पुढचा भाग चटईला समोर सपाट. कोपर डोक्याकडे सरकलं की खांद्याच्या सांध्यावर ओढ येते, म्हणून हे आधी तपासायचं. मग कोपराने जमीन खाली ढकल, म्हणजे खांदा कानापासून आपोआप लांब जाईल. आणि आता कंबर उचल. कान, खांदा, कुल्ला, गुडघा एका रेषेत. कुल्ला मागे पडत असेल तर थोडा पुढे ढकल, बहुतेकांचा पडतोच. आठ-दहा सेकंद थांब, खाली ये, दोन श्वास घे, परत वर. पाच-सहा वेळा झालं की बाजू बदल. एकदम मिनिटभर लोंबकळण्यापेक्षा असे छोटे तुकडे बरे, कारण दमलेला स्नायू सोडून देतो आणि मग भार सांध्यावर जातो. लोंबकळलेल्या सेकंदांना मी हिशेबात धरत नाही.

कमकुवत बाजूने सुरुवात कर आणि शेवटही तिच्यावरच कर. म्हणजे तिला एक फेरी जास्त मिळेल.

हे सहज जमायला लागलं की पाय सरळ. पावलं एकावर एक ठेवायची घाई नको. वरचं पाऊल खालच्याच्या पुढे टेकव, तोल सोपा जातो. त्यानंतर कोपराऐवजी तळहात. तुझं मनगट दिवसभर माउसवर वाकलेलं असतं, त्यावर एकदम सगळं वजन टाकलं तर ते तक्रार करणारच. तळहातावर जाशील तेव्हा बोटं पसर, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाशी जोर दे, मनगटाच्या बाहेरच्या कडेवर नको. तरी दुखलं तर कोपरावर परत ये. त्यात कमीपणा काही नाही, कुशीला दोन्ही सारखंच.

श्वासाचं मात्र कडक सांगते. स्नायू आवळून एका जागी थांबलं की तेवढ्यापुरता रक्तदाब वाढतो, आणि श्वास कोंडला तर आणखी चढतो. तुझ्या बाबांना गोळी चालू आहे, त्यांनी तुझ्या फोटोवर भाळून हे आसन करायला घेतलं तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू दे. गंमत अशी की असा स्थिर व्यायाम महिनोन्‌महिने केला तर रक्तदाब उतरतो असं दिसलंय. २०२३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी २७० चाचण्या एकत्र मांडल्या, त्यात स्थिर व्यायाम सगळ्यांत पुढे आला. पण त्यातले प्रयोग मुख्यतः भिंतीला पाठ लावून अधांतरी बसण्याचे आणि मुठीने पकडून दाबण्याचे होते. वसिष्ठासनाच्या खात्यावर ते श्रेय लिहिणं लबाडी होईल.

तशीच गोष्ट त्या वाकड्या कण्याची. तुझ्या मैत्रिणीला जे कळलंय ते हवेतलं नाही. न्यूयॉर्कमधले डॉक्टर लॉरेन फिशमन यांनी २०१४ साली २५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सगळ्यांचा कणा बाजूला वळलेला, एक्स-रेवर अंशांत मोजलेला. त्यांना रोज हे एकच आसन आणि तेही एकाच बाजूवर करायला सांगितलं, वळणाचा फुगवटा ज्या बाजूला असेल ती बाजू खाली ठेवून. सरासरी सहा-सात महिन्यांनी वळण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं, आणि आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस नेमाने करणाऱ्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास. आकडे ऐकून हुरळायला होतं. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आसन न करणाऱ्यांचं त्याच काळात काय झालं असतं ते त्यातून कळत नाही, आणि २५ माणसं फार नव्हेत. म्हणून मैत्रिणीला सांग: आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, एक्स-रे काढ, फुगवटा कुठल्या बाजूला आहे ते त्यांच्याकडून समजून घे. आरशात बघून ठरवलं आणि उलटी बाजू धरली तर काय उपयोग? वय वाढीचं असेल तर नुसत्या आसनावर विसंबून तपासण्या लांबणीवर टाकायच्या नाहीत. आणि तुला असं काही नाही, तेव्हा तू एकाच बाजूवर करायचं नाहीस.

तुझे काका हे वाचून विचारतील की हे आसन किती जुनं. वसिष्ठांच्या नावामुळे लोकांना ते वेदकाळातलं वाटतं. हठप्रदीपिकेतल्या पंधरा आसनांत ते नाही, घेरंडसंहितेतल्या बत्तिसांतही नाही. आज घरोघर पोचलेलं त्याचं रूप बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ सालच्या ‘लाइट ऑन योगा’मधलं. ते तुझ्या कर्नाटकातलेच, कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे. म्हैसूरला शिकले आणि १९३७ साली पुण्याला शिकवायला आले ते कायमचे. तू उलट्या वाटेने गेलीस एवढंच. ठोकळा, पट्टा, भिंत यांचा आधार घेऊन आसन करायची रीत त्यांनी रुळवली. तिचा तू निलाजरेपणाने फायदा घे. भिंतीला तळपाय टेकवून हे आसन केलं की निम्मी डगमग जाते.

आणि मनू, एक गोष्ट मला खरंच कळत नाही. तू राहतेस आनेकलमध्ये. जिगणीजवळचं प्रशांती कुटीरम् हे योगकेंद्र तुझ्याच तालुक्यात. पाठदुखीवर योग किती चालतो हे नीट मोजून बघणाऱ्या देशातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. आणि तू शिकतेस फोनवर! तिथले डॉ. एच. आर. नागेंद्र मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेत नासात काम करून परत आलेले. त्यांनी आणि डॉ. आर. नागरत्ना यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना योग शिकवून तेवढ्याच दुसऱ्या रुग्णांशी ताडून पाहिलं. ते काम १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. २००२ साली तिथल्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तुझ्या कामाची गोष्ट २००८ सालची आहे. जुन्या कंबरदुखीच्या ८० रुग्णांना तिथे आठवडाभर ठेवलं, निम्म्यांना योग आणि निम्म्यांना साधे व्यायाम. रोजच्या हालचालींतली अडचण आणि कण्याची लवचीकता, दोन्हींत योगाचा गट पुढे गेला. आठवडा म्हणजे काही फार नाही, पुढे वर्षाने काय झालं असेल हा प्रश्न उरतोच. पण इथे तुलनेला गट होता. आणि त्या योगात आसनांच्या जोडीला प्राणायाम होता, ध्यान होतं, समजावणी होती. एका आसनावर त्यांनी कंबर सोडली नव्हती. तूही सोडू नकोस. वसिष्ठासनाच्या जोडीला मार्जारासन आणि भुजंगासन ठेव, आणि कामावर दर अर्ध्या तासाने खुर्चीतून ऊठ. हे शेवटचं तुला सगळ्यांत जड जाणार, मला ठाऊक आहे.

सुट्टीच्या दिवशी तिथे एक चक्कर टाक. बाहेरच्यांसाठी वर्ग कोणते, वेळा काय ते विचार. कानडी येत नाही म्हणून अडणार नाही, तिथे देशभरातली मुलं शिकतात. शिक्षक तुझा खांदा हाताने धरून खाली आणतील, ते फोन करू शकत नाही.

काही गोष्टींत मात्र आसन नको, डॉक्टर हवेत. कमरेतून कळ पायात उतरली, पाय बधिर किंवा लुळा वाटला, लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना. खांदा पूर्वी निखळलेला असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, तर विचारल्याशिवाय करायचं नाही. पाळीच्या दिवसांत करावं की नाही असं तू मागे विचारलं होतंस. अंगाला रुचलं तर कर, नाही तर चार दिवस विश्रांती घे. त्याने काही बुडत नाही.

तुझ्या आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, डबा रिकामा झाला की कळव. आणि पुढच्या रविवारी दोन्ही कुशींचे सेकंद लिहून पाठव. फोटो नको.

तुझी,
आत्या