तांबडी शाई आणि निबंधाची वही



निबंधाची वही तपासून परत आली की बहुतेकांची दृष्टी प्रथम गुणांवर जाते, मग तांबड्या खुणा मोजल्या जातात आणि वही मिटते. वास्तविक खूण ही शिक्षा नसून सूचना आहे. ती का केली आहे हे उमगले, तर तेथूनच लेखनाचा खरा अभ्यास सुरू होतो. पुढील विवेचन विद्यार्थ्यांइतकेच पालकांसाठीही आहे.

'माझी आजी' या विषयावरील दोन उतारे उदाहरणादाखल घेऊ. पहिला असा : 'माझी आजी प्रेमळ आहे. ती सर्वांना आवडते. ती मला गोष्टी सांगते.' दुसरा असा : 'आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तिच्या बोटांचा तंबाखूचा वास जात नाही. संध्याकाळी ती राखेने हात धुती. मग मी तिच्या हातची भाकरी खाल्लो.'

पहिल्या उताऱ्यात व्याकरणाचा एकही दोष नाही. परंतु ही आजी कोणाचीही असू शकेल. दुसऱ्यात दोन दोष आहेत. परंतु ही आजी निपाणीचीच आहे आणि लिहिणाऱ्याने तिला नीट पाहिले आहे. केवळ चुका मोजून गुण दिले, तर पहिला उतारा वरचढ ठरेल आणि दुसरा विद्यार्थी पुढच्या खेपेस पाठ केलेली वाक्ये लिहू लागेल. त्याची वही निर्दोष होईल. मात्र तिच्यातून त्याची आजी नाहीशी होईल.

यासाठी वही दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात लेखणी खाली ठेवून लिहिणाऱ्याला काय सांगायचे आहे तेवढेच पाहावे. दुसऱ्या वाचनात भाषा तपासावी. दहा गुणांपैकी चार आशयाला, तीन मांडणीला व तीन भाषेच्या शुद्धतेला, अशी वाटणी केली तर दोन्ही बाजूंना न्याय मिळतो. शुद्धतेचे तीन गुण कोणालाही माफ नाहीत, हेही ध्यानात असावे.

आता 'मी भाकरी खाल्लो' ही चूक घेऊ. ती आळसातून झालेली नाही. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदे भूतकाळी कर्माप्रमाणे चालतात. भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून 'मी भाकरी खाल्ली'. यास आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. कन्नडमध्ये मात्र 'नानु रोट्टि तिंदे' असे म्हणताना क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या आपल्या भागात हे वळण मराठी बोलण्यात सहज उतरते. माझी घरची भाषा कोकणी. तीत हा प्रयोग मराठीसारखाच चालतो. त्यामुळे कोकणी मुले येथे सहसा अडत नाहीत. त्यांची अडचण निराळी. कोकणीत लहान मुलीविषयी 'तें आयलें' असे नपुंसकलिंगी बोलतात आणि तीच सवय मराठी वहीत डोकावते. ज्याची त्याची चूक ज्याच्या त्याच्या घरून येते. घराला नावे ठेवून ती सुटत नाही. दोन भाषांतील भेद एकदा फळ्यावर मांडून दाखविला की सुटते.

बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधील 'रावसाहेब' बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीत बोलतात आणि त्या बोलण्यामुळेच ते आपल्याला जिवंत वाटतात. निपाणीत पिठाची गिरणी चालविणारे महादेव मोरे यांनी तेथील कष्टकऱ्यांची बोली कथा-कादंबऱ्यांत आणली. तेव्हा आजी बोलते ते वाक्य अवतरणचिन्हांत तिच्याच बोलीत येऊ द्यावे. आपले निवेदन प्रमाण मराठीत असावे. कोठे कोणती भाषा शोभते हे कळणे, हाच भाषेचा विवेक होय.

पालकांसाठी एक सूचना. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. त्यांपूर्वी 'घरांत', 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार देत. आता ते देत नाहीत. जुन्या पत्रांतील ते लेखन चूक नव्हते, तसेच आज नातीने लिहिलेले 'घरात' हेही चूक नाही. लेखनाचे नियम काळानुसार बदलतात. ज्या काळात आपण लिहितो त्या काळचे नियम पाळावे, एवढेच.

शेवटी सर्वांत उपयुक्त गोष्ट. वही परत मिळताच खुणा झालेला परिच्छेद त्याच दिवशी पुन्हा लिहावा. प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिचे कारण एका ओळीत नोंदवावे : 'भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून खाल्ली.' 'धुणे या क्रियापदाचे रूप : ती धुते.' मग तो परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवावा. पालकांनी 'किती गुण मिळाले?' असे विचारण्याआधी 'काय लिहिलेस?' असे विचारावे. चार दुरुस्त्या झाल्यानंतरही सूप, राख आणि तंबाखूचा वास जागच्या जागी असतील, तर तांबड्या शाईने आपले काम चोख केले, असे खुशाल समजावे.